मानाची जागा मागची

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



गडकरी साहेब,

डिसेंबर २०२४ मध्ये तुम्ही लोकसभेत म्हणालात की परदेशातल्या परिषदांमध्ये रस्ते अपघातांचा विषय निघाला की तुम्हाला तोंड लपवावंसं वाटतं. मंत्र्याच्या तोंडून असं सहसा ऐकायला मिळत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला. एरवी अशा गोष्टींवर आम्ही आरटीओच्या नावाने बोटं मोडतो आणि चहा संपवून घरी जातो.

मी छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहतो, संत एकनाथ रंगमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नोकरी सगळी क्ष-किरण विभागात गेली, त्यातली बरीचशी सीटी स्कॅनच्या यंत्रावर. आम्ही तंत्रज्ञ. निदान करायचा अधिकार आम्हाला नाही, आणि नाही तेच बरं. पण माणसाला टेबलावर झोपवायचं काम आमचं, आणि काचेपलीकडे पडद्यावर त्याची छाती पहिल्यांदा उमटते ती आमच्याच डोळ्यांसमोर.

अपघाताच्या पेशंटबरोबर आलेले लोक दोन गोष्टी बघतात. रक्त किती गेलं आणि हाड कुठलं मोडलं. डोक्याला टाके पडले, पायाला प्लास्टर चढलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कॉरिडॉरमधून गावाकडे फोन जातात, ‘काळजी करू नका, बाकी छातीला थोडा मुका मार आहे.’ साहेब, माझं पत्र या मुक्या माराबद्दल आहे.

एक पेशंट सांगतो. रुग्णालयाचं नाव नको, त्याचंही नको. पन्नाशीचा शेतकरी. लग्नाहून परतताना कन्नडच्या बाजूला त्यांची जीप रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हंगामात आमच्याकडे हे रोजचंच. हा मागच्या सीटवर होता. मनगट मोडलेलं, कपाळाला खोक. शुद्धीवर होता, चांगला बोलत होता, उलट मलाच विचारत होता की बाकीची माणसं कुठं नेली. फक्त दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीत कळ येतेय, असं सारखं म्हणायचा. आदळलाय म्हटल्यावर दुखणारच, असं सगळ्यांना वाटलं. रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टर मुलीला मात्र ते पटलं नाही. तिने छातीची प्लेट पुन्हा लावून पाहिली. हृदयाच्या वरची सावली तिला जरा रुंद वाटली. मग तिने मनगटाची आणि जांघेतली नाडी एकदमच धरून पाहिली. मनगटाला ठोका भरून लागत होता, जांघेत मंद. मला म्हणाली, ‘काका, कॉन्ट्रास्ट देऊन छाती करू या, आत्ताच.’

‘अंगात गरम वाटेल, घाबरू नका, हात वर, श्वास रोखा.’ हजारो वेळा म्हटलेली ही वाक्यं म्हणून मी काचेमागे आलो. पडद्यावर महाधमनी पांढरीशुभ्र भरत गेली. कमान नीट होती. कमान संपून धमनी जिथे कण्याला लागून खाली उतरते, तिथे आतल्या अंगाला एक फुगवटा दिसला, आणि त्या पांढऱ्यात एक बारीक करडी रेघ. धमनीचं आतलं अस्तर सुटून रक्तात लोंबत होतं. रेडिओलॉजिस्ट सरांना फोन गेला. टेबल बाहेर काढलं तेव्हा मी त्याला नेहमीसारखं ‘उठून बसा’ म्हणालो नाही. चौघांनी चादरीसकट अलगद उचलला. रक्तदाब खाली ठेवायची इंजेक्शनं सुरू करून रात्रीच त्याला पुढे मोठ्या शहरात हलवलं. पुढचं आमच्यापर्यंत येत नसतं.

हे घडतं कसं, ते माझ्या परीने सांगतो. डॉक्टर लोक चुकलं तर दुरुस्त करतील. हृदयातून निघालेली महाधमनी वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते. मुठीचा भाग हृदयाबरोबर हलता असतो, खालचा दांडा कण्याला जखडलेला. जिथे हलतं संपून जखडलेलं सुरू होतं, नेमकं तिथेच एका जुन्या नात्याची गाठ आहे. पोटातल्या बाळाचं फुफ्फुस काम करत नसतं, म्हणून फुफ्फुसाकडे जाणारं रक्त एका आडवाटेने महाधमनीत वळवलेलं असतं. जन्मानंतर ती वाट बंद होते आणि तिचा घट्ट दोरा उरतो. गाडी शंभरावरून एकदम शून्यावर आली की छातीचा पिंजरा थांबतो, आतलं हृदय आणि कमान मात्र पुढे जात राहते. ताण येतो तो या दोऱ्यापाशी, आणि धमनी तिथेच फाटते. बाहेर कातडीवर ओरखडासुद्धा नसेल.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. तिन्ही फाटले तर माणूस रस्त्यावरच संपतो. अँब्युलन्स कितीही लवकर आली तरी फरक पडत नाही. आतले दोन फाटून बाहेरचा पातळ थर टिकला, तर त्याच्या आधाराने रक्त थोपून राहतं. काही तास, कधी काही दिवस. अमेरिकेत पार्म्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली अशा अडीचशेहून जास्त मृतांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास छापला. त्यात सातांतला जेमतेम एक जण जखमेनंतर थोडा काळ जगला होता. बाकीचे जागच्या जागी गेले. म्हणजे माझ्या टेबलापर्यंत पोचलेला तो शेतकरी त्या थोड्या लोकांपैकी. (या दुखापतीची वैद्यकातली पहिली नोंद मानतात ती शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालिअसची, १५५७ सालची, घोड्यावरून पडलेल्या माणसाची. तेव्हा निदान घोड्याला तरी ठेच लागावी लागे. आता माणूस एसीत डुलक्या घेत असतो.)

साहेब, मी स्वतः किती छात्या पाहिल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही, त्यामुळे आकडेवारीचा आव आणत नाही. पण अपघाताच्या पेशंटला ‘कुठं बसला होतात’ विचारायची मला सवय होती, आणि ‘मागं’ हे उत्तर मी फार वेळा ऐकलं.

आपल्याकडे मानाची जागा मागची. साहेब मागे बसतात, ड्रायव्हर पुढे. सासरेबुवा मागे, आजी मागे, बाळंतीण लेक बाळाला घेऊन मागे. नवरी तर मागे मधोमध. ज्याला जपायचं त्याला मागे बसवायचं आणि पट्टा मात्र पुढच्यांनी लावायचा, तोही चौकात पोलीस दिसला तर.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना याची शिकवण ३ जून २०१४ च्या सकाळी मिळाली. गोपीनाथ मुंडे तुमचेच मंत्रिमंडळातले सहकारी, शपथ घेऊन आठ दिवस झालेले. बीडला सत्काराला यायला निघाले होते. दिल्लीच्या रिकाम्या रस्त्यावर, सकाळी सव्वासहाच्या सुमारास, चौकात दुसरी गाडी त्यांच्या मोटारीवर आदळली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. बाहेरून सांगण्यासारखी मोठी जखम नव्हती. शवविच्छेदनात मानेचं हाड मोडलेलं आणि यकृत फाटून पोटात रक्तस्राव झालेला आढळला. त्यांची महाधमनी फाटली नव्हती, पण जात तीच, आतल्या आत मारणाऱ्या मुक्या माराची. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, स्वतः डॉक्टर, म्हणाले होते की मागचा पट्टा लावला असता तर कदाचित मुंडे वाचले असते. परळीच्या अंत्यविधीला आमच्या गल्लीतूनही गाड्या भरभरून गेल्या. त्या गाड्यांत मागे कुणी पट्टा लावला होता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग ४ सप्टेंबर २०२२. पालघरला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर धडकली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघेही गेले, आणि त्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. इतकी महाग गाडी, एअरबॅगा, सगळं होतं. त्या आठवड्यात तुम्ही स्वतः टीव्हीवर येऊन सांगितलंत की मागच्यांनाही पट्टा सक्तीचा, मागच्या सीटलाही गजर येणार.

आणि जगाला माहीत असलेली एक मागची सीट पॅरिसची. ३१ ऑगस्ट १९९७, प्रिन्सेस डायना. पट्टा नव्हता. अपघातानंतर ती काही वेळ शुद्धीवर होती. फुफ्फुसातून हृदयाकडे रक्त आणणारी डावीकडची शीर हृदयाला मिळते तिथेच फाटली होती. डॉक्टरांनी छाती उघडून ती शिवलीसुद्धा. पहाटे चारला सगळं संपलं. या घटनेवर इतकं काही लिहिलं गेलं, छायाचित्रकार, कटकारस्थानं, राजघराणं. त्या शिरेबद्दल आणि न लावलेल्या पट्ट्याबद्दल त्यामानाने फारच थोडं.

पट्टा म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही मला माहीत आहे. बाजूने ट्रक घुसला तर पट्टा लावलेल्याचीही धमनी फाटू शकते, आणि तसं होतंही. पण समोरून आदळताना पट्टा छातीला गाडीबरोबर सावकाश थांबवतो, पुढच्या सीटवर जाऊन आपटू देत नाही. शिवाय मागचा माणूस सुटा असला की तो पुढच्याच्या पाठीवर येऊन पडतो, तेव्हा पुढच्याचा पट्टाही वाया जातो.

कायदा तुमच्याकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम मागच्यांनाही पट्टा लावायला सांगतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार रुपये. पण नियमाचे शब्द नीट वाचले तर तो सांगतो, पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्यांना. आमच्याकडचं वऱ्हाड ज्या क्रूझरमधून जातं, त्यात मागे समोरासमोर आडव्या बाकांवर माणसं बसतात, गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवर पोरं घेऊन. मामा, मावशी, करवल्या, आहेराची भांडी. हे सगळे तुमच्या नियमाच्या बाहेर. ज्या गाडीत सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात सुटी बसतात, तिथे नियमाला काही म्हणायचंच नाही.

बरं, साध्या मोटारीत तरी काय अवस्था आहे? तुम्ही कधी आमच्या शहरात आलात तर कुठल्याही पार्किंगमध्ये दहा गाड्यांची मागची दारं उघडून बघा. नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर चढतं. कव्हर शिवणारा मागच्या पट्ट्याची कुलपं गादीखाली दाबून टाकतो, कारण वर राहिली तर बसताना टोचतात. कव्हर ताणून बसलं की ती कुलपं पुन्हा कुणाला सापडत नाहीत. पुढच्या सीटसाठी दुकानात एक लोखंडी जीभ मिळते. ती कुलपात खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि गजर गप्प बसतो. तुम्ही २०२२ साली ऑनलाइन कंपन्यांना त्या विकू नका म्हणालात, आणि मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या कंपन्यांना ती विक्री थांबवायचे आदेश दिले. चांगलं झालं. पण दुकानदार ती अजूनही परफ्यूमच्या बाटलीशेजारी टांगतो.

तुमच्याच मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावल्यामुळे मेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. ‘प्रवासी’ म्हटल्यावर पुढचा आणि मागचा दोन्ही त्यात आले. मागचे किती? हा आकडा वेगळा काढायला फार मोठं विज्ञान लागत नाही. पंचनामा करणाऱ्या हवालदाराने कोण कुठे बसलं होतं ते लिहायचं, शवविच्छेदनाच्या अहवालातलं मृत्यूचं नेमकं कारण त्यापुढे जोडायचं. अपघातांच्या नोंदीसाठी तुमच्या मंत्रालयाने आयआयटी मद्रासच्या मदतीने संगणकावरची मोठी प्रणाली उभी केलीच आहे. तिच्यातून एकदा मराठवाड्यातल्या मृतांची अशी यादी काढून बघा. यकृत किती, धमनी किती, डोकं किती, आणि त्यातले मागे बसलेले किती.

समृद्धी महामार्ग तुमच्या खात्याचा नाही, राज्याचा आहे, याची जाणीव ठेवूनच लिहितो. पण तो आमच्या उशाशी आहे. मोटारीला १२० ची मर्यादा. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री वैजापूरजवळ दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची गाडी ट्रकवर मागून आदळली, १२ जण गेले, २३ जखमी झाले. त्याआधी त्या रस्त्यावर टायर फुटून अपघात होतात म्हणून टायर तपासायची मोहीम निघाली होती. गाडी थांबवून टायरची नक्षी बघणारा कर्मचारी वाकलेलाच असतो. त्याने तसंच वाकून मागच्या खिडकीतून आत एक नजर टाकली तर किती वेळ लागेल?

आता पैशांचं. मे २०२५ पासून तुमच्या खात्याने अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली, दीड लाखापर्यंत, सात दिवस. हाडाच्या, टाक्यांच्या, मेंदूच्या सीटीच्या पेशंटसाठी ही योजना मोठीच गोष्ट आहे. पैसे भरा मग बघू, हे वाक्य मी नको इतक्या वेळा ऐकलेलं आहे. पण धमनी फाटलेल्याचं गणित या रकमेत बसत नाही. पूर्वी अशा पेशंटची छाती उघडून धमनी शिवावी लागे, आणि त्यात पाय कायमचे जाण्याची भीती असे. आता जांघेतल्या धमनीतून आत जाऊन फाटलेल्या जागी कापडाची नळी असलेला स्टेंट उघडतात. काम नाजूक आहे पण पेशंट वाचतो, काही दिवसांत चालू लागतो. नुसत्या त्या नळीची किंमतच काही लाखांत जाते, आणि ती बसवणारे हात मोजक्या शहरांत आहेत. राज्याच्या महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं कवच आहे. पण कुठलं कार्ड आधी, कुठली योजना कधी संपते आणि कुठली सुरू होते, हे रात्री दोन वाजता पेशंटच्या भावाने कुणाला विचारायचं?

तुम्ही रस्ते बांधणारे आहात, म्हणून रस्त्याच्याच भाषेत मागतो. छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटल्याचं सीटीवर दिसलं की त्या पेशंटला दीड लाखाची आणि सात दिवसांची मर्यादा लागू नये. त्याला हलवायचं कुठे, हे विभागागणिक आधीच ठरलेलं असावं. मराठवाड्यासाठी एक फोन नंबर, जिथे उत्तर देणारा सर्जन असेल, बिलिंगचा माणूस नव्हे. आणि हलवताना सोबतच्याला एवढं माहीत असावं की अशा पेशंटला सलाइनवर सलाइन चढवून रक्तदाब वाढवायचा नसतो, तो मुद्दाम खाली धरून ठेवायचा असतो. रक्तदाब आटोक्यात असला तर बऱ्याच पेशंटना काही तासांची सवड मिळते. तेवढ्यात पोचायला तुमचे रस्ते चांगले आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

नियम १३८ मधले ते ‘पुढे तोंड करून’ हे शब्दही एकदा काढून बघा. ते निघाले तर आडव्या बाकांच्या गाड्यांचं काय करायचं, असा प्रश्न कंपन्या विचारतील. विचारू द्या. सहा एअरबॅगा सक्तीच्या करायच्या वेळीही विचारला होता, पण तेव्हा तुम्ही मागे सरलात.

सगळ्यात सोपी गोष्ट मी शेवटी ठेवलीय, कारण तिला ना कायदा लागतो ना निधी. सरकारी गाडीच्या चालकाला मागच्या साहेबांना ‘पट्टा लावा’ म्हणता येत नाही. त्याची पगारवाढ, बदली, गोपनीय अहवाल सगळं मागच्या सीटवर बसलेलं असतं. कलेक्टर असोत, आमदार असोत, अधीक्षक अभियंता असोत. तुमच्या मंत्रालयातून एक परिपत्रक निघू द्या की मागचा पट्टा लागल्याशिवाय चालकाने इंजिन सुरू करायचं नाही, आणि त्यापायी साहेबांना उशीर झाला तर त्याचा ठपका चालकावर येणार नाही. पहिली प्रत तुमच्या स्वतःच्या गाडीत, चालकासमोर, दिसेल अशी लावा.

आपला,
उस्मानपुऱ्यातील एक निवृत्त सीटी स्कॅन तंत्रज्ञ